टेंभुर्णखेडची सोडत

या अंकासाठी लिहाल का, असं विचारायला फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी एक अडचण सांगितली. नावाखाली काय छापायचं? शाखा अभियंता, जिल्हा परिषदेचा माजी सदस्य, की पुनर्वसनाचा मध्यस्थ? मी म्हटलं, काहीच छापू नका. तिन्ही कामं मी केली, मन लावून केली, आणि तिन्हींनी मला शेवटी एकाच गावातल्या एकाच रस्त्यावर नेऊन उभं केलं. त्या रस्त्याबद्दल लिहितो. बाकीची वर्षं बदल्या, बैठका आणि चौकशा यांत गेली. ती कुणाचीही सारखीच असतात.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी रिठदकडचा. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची. यात मी विनय दाखवत नाही. ज्यांच्या भिंतीवर आधीच चार पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी तो दाखवावा. वडील ज्या खात्याची खडी फोडत, त्याच खात्याच्या जीपमधून मी पहिल्यांदा घरी उतरलो, तेव्हा ते बाजेवरून उठून उभे राहिले. माझ्यासाठी उठले की जीपसाठी, हे मी कधी विचारलं नाही.

माझं काम लहान धरणांचं. लहान धरण म्हणजे मातीची एक लांबलचक भिंत. नाल्याच्या दोन्ही अंगांनी ती बांधत आणायची आणि मधे नाल्यापुरती फट ठेवायची. ही फट अगदी शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर, एका दमात भरून काढतात. तिला आम्ही घळभरणी म्हणतो. घळभरणी झाली की पुढचा पाऊस धरणात थांबतो आणि धरणाच्या पोटात जे गाव असेल ते पाण्याखाली जातं. टेंभुर्णखेड पोटात होतं. त्या गावासाठी वरच्या माळावर नवं गावठाण आखायचं होतं आणि ते काम माझ्याकडे आलं.

नवं गाव आखताना आधी पाणी बघायचं, माणूस नंतर. दुर्बीण तीन पायांवर उभी करायची, समोर गडी आकड्यांची पट्टी धरून उभा राहतो, आणि दुर्बिणीतून आकडे वाचत जायचं. माळावरचे सगळे उंच-सखल ठिपके कागदावर आले की पाऊस कुठून शिरेल आणि कुठून निघेल ते कळतं. मग रस्ते, मग नाल्या, मग घरांचे प्लॉट.

जुन्या गावात हा हिशेब कुणीतरी फार पूर्वी करून ठेवला होता, दुर्बिणीशिवाय. वरची आळी टेकाडावर. खालची आळी नाल्याकाठी, वरच्या आळीचं सांडपाणी जिथे येऊन थांबतं तिथे. खालच्या आळीतले लोक माझ्याच समाजाचे. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. घरातले देव काढले, मुलांना शाळेत घातलं, हलकी कामं सोडली. जे जे आपल्या हातात होतं ते त्यांनी बदललं. आळी कुठे असावी हे त्यांच्या हातात नव्हतं.

नकाशाचा कोरा कागद टेबलावर पसरला तेव्हा मला वाटलं, आता ते माझ्या हातात आहे. मी सगळे प्लॉट एका मापाचे काढले. मधोमध रुंद, सरळ मोठा रस्ता. आणि टिपणात लिहिलं, की प्लॉटांचं वाटप आळीप्रमाणे न करता सोडतीनं करावं. चिठ्ठीत जो प्लॉट निघेल तो ज्याचा त्याचा.

आमच्या साहेबांनी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही रेषा मारा. कोण कुठे राहील ते ठरवणारे वेगळे असतात."

"ते कोण, साहेब?"

"निवडून आलेले."

त्यांनी चेष्टेनं म्हटलं. मी खरं मानलं.

नोकरीचा राजीनामा दिला त्या दिवशी आई जेवली नाही. सरकारी नोकरी सोडून कुणी निवडणुकीला उभं राहतं हे तिला पटण्यासारखं नव्हतं. आमचा गट त्या वर्षी राखीव निघाला होता, एवढाच माझा आधार. आणि दुसरा आधार देवरावचा.

देवराव टेंभुर्णखेडच्या वरच्या आळीतला. पदावर कधीच नव्हता, पण वरच्या आळीत त्याच्या घरून होकार आल्याशिवाय लग्नाची तारीखसुद्धा ठरत नसे. उंच, कोरड्या अंगाचा, बोलायला गोड. माझ्या प्रचाराला तो स्वतःच्या मोटारसायकलवर फिरला. प्रत्येक गावात एकच भाषण: "जात पाहून मत देऊ नका, मानूस पाहा. शिकेल मानूस हाये, इंजिनेर हाये. आपल्या गावचं नवं गावठान यानंच आखलं. आपला मानूस हाये." तो हे मनापासून बोलत होता. आजही माझी तीच समजूत आहे, आणि त्यामुळेच पुढचं सगळं जास्त लागतं.

सदस्याचं काम म्हणजे काय, असं मला तरुण मुलं विचारतात. सभा वगैरे नंतर. सगळ्यात आधी मयत चुकवायची नाही. लग्नाला गेला नाहीत तर लोक चार दिवस रुसतात, मयतीला गेला नाहीत तर अख्खं घर तुटतं. मी इतक्या मयती केल्या की बायको म्हणायची, सरणावर लाकडं रचायचं इंजिनिअरिंग तुम्हाला चांगलं जमेल.

सोडतीचा ठराव मी टेंभुर्णखेडच्या ग्रामसभेत मांडला, आणि तो एकमतानं मंजूर झाला. माझ्या भाषणामुळे झाला असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. मोठ्या रस्त्यालगतचे प्लॉट कुणाला मिळावेत यावरून वरच्या आळीत भावाभावांत जुंपली होती. देवरावच्या दोन चुलतभावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. सोडत काढली तर कुणाला कुणाचा राग धरता येणार नव्हता. त्यांनी समतेला मत दिलं नाही, भांडण मिटवायला दिलं. मला ते चाललं. ठराव ठरावच असतो.

शाळेच्या वऱ्हांड्यात मातीच्या घागरीत चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाचा पुकारा होईल त्यानं यावं, हात घालावा, चिठ्ठी काढावी. वच्छलाबाईचं नाव आलं. खालच्या आळीतली ही बाई. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यात परतायचा. मागं ही रिसोडला एका पिठाच्या गिरणीत कामाला होती. घराच्या मोबदल्यातून स्वतःची गिरणी टाकायची, हे तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. गिरणीला जी वीज लागते तिची लाईन फक्त मोठ्या रस्त्यानं जाणार होती. तिनं चिठ्ठी काढली. मोठ्या रस्त्यावरचा, चौकातला, कोपऱ्याचा प्लॉट.

पुढचं नाव पुकारायला ग्रामसेवकानं जरा वेळ लावला.

आमच्याकडे गाव उठवायचं तर आधी मारुती उठवतात. तो नव्या जागी बसला की मग माणसं बाडबिस्तरा बांधतात. देवळाची जागा मी माळावर सगळ्यात उंच ठिकाणी धरली होती, म्हणजे मोठ्या रस्त्याच्या चौकात. वच्छलाबाईचा प्लॉट त्याला लागून. सोडतीनंतर पंधरवडाही गेला नाही आणि निरोप आला: मारुती हलणार नाही, म्हणून गावही हलणार नाही.

तोवर माझी मुदत संपत आली होती. पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरलं आणि माझं राजकारण तिथेच आटोपलं. पक्षानं पोह्यांचा कार्यक्रम करून आभार मानले. मी घरी बसलो आणि महिन्याभरात पुनर्वसनाच्या उपजिल्हाधिकारी बाईंनी बोलावलं. घळभरणी येत्या उन्हाळ्यात होणार होती. गाव हललं नाही तर पोलीस लावून हलवावं लागलं असतं.

"तुम्हाला दोन्ही आळ्यांत चहा मिळतो," त्या म्हणाल्या. "असा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. मध्यस्थ म्हणून तुमची नेमणूक करते."

चहा मिळायचा हे खरं होतं. वरच्या आळीत तो कपात मिळायचा. घरातले बाकीचे पेल्यात प्यायचे. कप घरातल्या कुठल्या कोनाड्यातून येतो, हे मी बघत नव्हतो.

अशी माझी तिसरी पाटी लागली. दोन देशांच्या मधे हे काम करणाऱ्याला वकिलात मिळते, गाडीवर झेंडा मिळतो. दोन आळ्यांच्या मधे करणाऱ्याला बाजेची पायथ्याकडची बाजू मिळते. पण काम तेच. इकडचा निरोप तिकडे न्यायचा. नेताना त्यातल्या शिव्या गाळायच्या, पण इतक्याही गाळायच्या नाहीत की निरोपातला दमच जाईल. हे प्रमाण साधायला मला वेळ लागला. सुरुवातीला मी फारच गाळायचो.

देवराव म्हणाला, "तिले सांग, आयतं घबाड भेटलं म्हणून लय चढून राह्यली."

मी खालच्या आळीत जाऊन म्हटलं, "देवरावभाऊंची इच्छा आहे की तुम्ही फेरविचार करावा."

वच्छलाबाई चुलीवर भाकर टाकत होती. ती थांबली. "असं बोलले देवराव? बिमार हायेत का?"

तेव्हापासून मी तिच्याकडे निरोप निम्मा गाळून न्यायला लागलो.

देवरावचं म्हणणं वरवर पाहता देवाचं होतं. ओट्यावर बसून, पायाची नखं काढत तो मला समजावून सांगायचा. "मारुतीच्या बाजूले गिरनी. दिवसभर धडधड. देवाले शांतता नको का?"

"हनुमान जयंतीले तुमचा भोंगा असते तवा देव काय करते?"

"थे भक्तीचं हाये. हे धंद्याचं हाये."

"वरच्या आळीतल्या कोणाले हा प्लॉट लागला असता अन त्यानं गिरनी टाकली असती, तर?"

तो हसला. "तू हुशार हायेस. म्हणून तर तुले निवडून देल्लं."

मग देवाची बाजू सोडून तो मुद्द्यावर आला. वच्छलाबाईला खालच्या टोकाला एकाऐवजी दोन प्लॉट द्यायचे. वीज तिथवर न्यायचा भार वरची आळी उचलेल. नाहीतर तिनं चौकात घर बांधावं, पण गिरणी टाकू नये. "रोजचं पीठ हाये, इंजिनेर. बाया जातीन, लायनीत उभ्या राहतीन, तिच्या हातानं दळून घेतीन. म्हाताऱ्या मानसाईले थे नाही पटत. मले सोताले काही नाही."

त्याला स्वतःला कधीच काही नसायचं. या पंचवीस-तीस वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नाही, ज्याला स्वतःला काही होतं. सगळ्यांच्या घरी एक म्हातारं माणूस असतं, त्याला पटत नाही.

दोन प्लॉटांचा निरोप मी नेला. वच्छलाबाईचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, किसन, तिथेच बसला होता. तो म्हणाला, "घेऊन टाक ना, बाई. तुह्यापायी साऱ्याईचं अडून राह्यलं. उद्या पोलीस आले तर लाठ्या आपल्याच पाठीवर पडतीन."

त्याची भीती खोटी नव्हती.

"दोन जागा मले कायले पाहिजे?" ती म्हणाली. "मले बूड एकच हाये. अन खालच्या टोकाले पानी कोनतं येते, थे भाऊले विचारा. त्याईनंच मोजलं."

किसननं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की खालच्या टोकाला सगळ्या गावाची नाली उतरते.

"मंग झालं," ती म्हणाली. "थे तर इथंबी हाये. त्याच्यासाठी गाव कायले उठवता?"

मी निरोप घेऊन परत वर गेलो. त्या उन्हाळ्यात किती वेळा गेलो ते मोजलं नाही. चैत्रात पंचायतीनं मारुती हलवायचा मुहूर्त काढला आणि मला वाटलं सुटलो. पण त्याच दिवसांत पोहरादेवीची यात्रा. तालुक्यातले सगळे ट्रॅक्टर, सगळ्या गाड्या तिकडे. मुहूर्त पुढे गेला. देवराव म्हणाला, पाह्य, देवाचीच मर्जी नाही.

तिकडे घळभरणीचं काम सुरू झालं होतं. डंपर रात्रंदिवस माती ओतत होते. वरच्या आळीतल्या घरांतूनही ते दिसायचं. तरी कुणी हललं नाही.

शेवटी मला रस्ता सापडला तो इंजिनिअरिंगमधून नाही आणि राजकारणातूनही नाही. मी रोज निरोप नेत होतो, म्हणून सापडला. देवरावच्या पुतण्याला मोठ्या रस्त्यावर, शाळेसमोरचा प्लॉट लागला होता. किराणा दुकानाला त्याहून चांगली जागा गावात नव्हती. अबोला धरलेल्या दोन चुलतभावांनाही मनाजोगं लागलं होतं, ते पुन्हा बोलायला लागले होते. मी उपजिल्हाधिकारी बाईंना विचारलं, एक प्लॉट बदलला तर? त्या म्हणाल्या, सोडत एक असते. एक चिठ्ठी बदलायची तर सगळी सोडत रद्द, सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा घागरीत.

हे मी ओट्यावर जाऊन सांगितलं. तेही देवराव एकटा असताना नाही. पुतण्या आणि दोघे चुलतभाऊ बसलेले असताना सांगितलं.

"म्हंजे?" पुतण्या म्हणाला.

"म्हंजे वच्छलाबाईचा प्लॉट काढायचा असन तर तुमचाबी जाईन. मंग ज्याले जो भेटन तो."

चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं. देवराव नखं काढायचा थांबला. म्हणाला, "तू सरकारचा मानूस झाला."

"तुमीच केला."

ग्रामसभा भरली. सोडत कायम. मारुती ठरल्या जागी. गिरणीला कुणाची हरकत नाही. हे तिन्ही देवराव स्वतः उभा राहून बोलला, मोठ्या आवाजात. ठरावावर दोन्ही आळ्यांच्या सह्या झाल्या. मारुती वाजतगाजत माळावर गेला, मागोमाग गाव गेलं, आणि पहिल्या मोठ्या पावसात जुनं टेंभुर्णखेड पाण्याखाली गेलं. पोलिसांना एक काठीसुद्धा उचलावी लागली नाही.

मला शाल आणि नारळ मिळाला. बाईंनी भाषणात सांगितलं, की असा मध्यस्थ प्रत्येक तालुक्याला हवा. इंझोरीकडच्या एका वादात मला बोलावणं आलं, मग आणखी दोन ठिकाणी. मी गेलो की लोक विचारत, टेंभुर्णखेडले तुमी काय जादू केली? मी सांगायचो, आणि सांगताना मला माझाच आवाज आवडायचा. मी नकाशा काढला होता, मी ठराव केला होता, मी तह केला होता. या जिल्ह्यात एका माणसानं तिन्ही टोकं धरून एखादं काम तडीला नेलेलं मला दुसरं माहीत नव्हतं.

तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमधून लोक पक्की घरं बांधायला लागले. पाया झाला, भिंती कंबरेएवढ्या आल्या की आमच्याकडे चौकट बसवतात. घराच्या मुख्य दाराची लाकडी चौकट उभी करायची, तिला हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, आणि पाहुण्यांना जेवण. देवरावनं मला चौकटीचं आमंत्रण दिलं. फोनवर म्हणाला, "तुह्याशिवाय कशी बसवू?"

मी मोठ्या रस्त्यानं गेलो. माझाच रस्ता, मी आखलेला, दोन्ही बाजूंना घरं उठत असलेला. देवरावचा प्लॉट मला पाठ होता. त्याच्यासमोर उभा राहिलो तर समोर सपाट भिंत. चौकट नाही, खिडकीची जागासुद्धा नाही. मला वाटलं मी चुकलो. मग मागून आवाज आला.

"इंजिनेर, इकडून ये. मांगून."

प्लॉटांच्या ओळींच्या पाठीमागे मी नऊ-नऊ फुटांची बोळ सोडली होती, सांडपाण्याच्या नालीसाठी, म्हणजे नाली साफ करायला माणसाला उतरता यावं. त्या बोळीत मंडप घातला होता. नालीवर फरश्या टाकल्या होत्या. फरश्यांवर सतरंजी, सतरंजीवर पाहुणे, आणि नालीकडे तोंड करून देवरावच्या घराची सागवानी चौकट उभी.

मी बोळीतून पुढे पाहिलं. पुढचंही घर तसंच. त्याच्या पुढचंही. मोठ्या रस्त्याकडे सगळ्यांनी पाठ केली होती.

"दार इकडे कसं?" मी विचारलं.

"वास्तूत तसं निघालं," देवराव म्हणाला. "पूर्वेचं दार पाहिजे म्हने."

"रस्त्याच्या पल्याडच्या ओळीचीबी दारं मांगंच हायेत. त्याईची तर पश्चिमेले येतात."

"त्याईच्या वास्तूत पश्चिम निघाली असन."

त्याच्या पुतण्याचं दुकानसुद्धा बोळीकडे उघडणार होतं. शाळेसमोरची जागा, जिच्यासाठी सगळी सोडत वाचवली, तिच्या मागच्या बाजूला शटर बसलं होतं.

मला वाढायला पान मांडलं. मी बसलो. जेवलोही. न जेवता उठलो असतो तर काय झालं असतं, याचा मी नंतर खूप विचार केला. काहीच झालं नसतं. चहा आला, तेव्हा कप कुठून आला ते या वेळी मी बघितलं. वेगळ्या पिशवीतून आला. घर बदललं होतं, कप जुनाच होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या कार्यालयात गेलो. त्यांनी नकाशा मागवला, ठराव मागवला, सगळं नीट वाचलं.

"प्लॉट ज्याचा त्याला मिळाला?"

"हो."

"अतिक्रमण?"

"एक इंचाचं नाही."

"गिरणीला कुणी अडवलं?"

"नाही."

"मग मी कशावर कारवाई करू?" त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "नकाशात प्लॉट असतो. दार कुठल्या बाजूला काढायचं ते ज्याच्या त्याच्या मनावर."

हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. नकाशा माझाच होता. मी जमिनीचा प्रत्येक चढउतार मोजला होता, पावसाचा थेंब कुठून वाहील ते सांगू शकत होतो. आणि माणसं आयुष्यभर घाणीच्या नालीवरून घरात शिरतील, पण वच्छलाबाईच्या दारासमोर आपलं दार येऊ देणार नाहीत, हे मोजायची पट्टी कुठल्याच कॉलेजात शिकवत नव्हते. मला राग येतो तो याचा, की त्यांनी माझं सगळं ऐकलं. विरोध केला असता तर मी लढलो असतो. त्यांनी ठराव अक्षरशः पाळला.

वच्छलाबाईची गिरणी सुरू झाली. तिचं दार मोठ्या रस्त्यावर, रुंद, लोखंडी, हिरव्या रंगाचं. खालच्या आळीतली जी घरं सोडतीत इकडे-तिकडे विखुरली होती, तेवढी दळायला यायची. वरच्या आळीचं दळण मोटारसायकलींवर शेजारच्या गावी जायचं. सकाळी दोन-चार डबे झाले की तिची गिरणी बंद. मी गेलो की ती माझ्यासाठी खुर्ची रस्त्यावर टाकायची. त्या रस्त्यावर बसायला काही अडचण नव्हती. ये-जा नव्हतीच; देवळात आणि शाळेतसुद्धा लोक मागच्या बोळीनं जायचे.

"तुमचा रस्ता लय चांगला झाला, भाऊ," एकदा म्हणाली. "एकबी खड्डा नाही. पडनार कसा, कोनी चालतच नाही."

मी हसलो नाही. तीही हसली नव्हती.

नवऱ्यानं त्या वर्षी ऊसतोडीला जायचं थांबवलं होतं, गिरणीच्या भरवशावर. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. गिरणी विकायला काढली तर कोण घेईल, असं किसन विचारत फिरायला लागला. तेव्हा तिनं मला बोलावलं. मी गेलो तर ती गिरणीच्या आत मागच्या भिंतीपाशी उभी होती.

"इथून दार पाडाचं हाये," ती म्हणाली. "बोळीकडे. भिंत कुठून फोडली तर छताले धोका नाही, थे सांगा. गवंडी म्हनते वरतून पट्टी घ्या लागन."

मी विचारलं, "कायले?"

"तिकून येतीन त्या. मांगून. मी इचारलं दोघी-तिघीले, नळावर. म्हनल्या, बोळीतून असन तर चालन. गाडीचं पेट्रोलबी वाचते म्हने."

"बाई, सारं गाव या रस्त्यासाठी उठवलं आपन."

"तुमी रस्त्यासाठी उठवलं," ती म्हणाली. "मी गिरनीसाठी उठली. पट्टा आनला का?"

आणला होता. अभियंत्याच्या खिशात असतोच. मी भिंत मापली. वर बीम कुठे आहे ते ठोकून पाहिलं. खडूनं दोन उभ्या रेषा मारल्या, एक आडवी. मी जिल्ह्यात धरणं बांधली, गाव वसवलं, सभागृहात बोललो, पोलीस येऊ दिले नाहीत. या सगळ्यानंतर त्या गावाला माझ्याकडून नेमकं काय हवं होतं, ते त्या तीन रेषांत मावलं. गवंड्यानं घण घातला तेव्हा मी तिथे थांबलो नाही.

आता गिरणी दिवसभर चालते. सणासुदीला बोळीत रांग लागते, फरश्यांवर डबे मांडलेले असतात. देवरावच्या घरचाही डबा असतो. नवरा ऊसतोडीला जात नाही. कागदोपत्री हे जिल्ह्यातलं सगळ्यात यशस्वी पुनर्वसन आहे आणि पाहणीला बाहेरून लोक येतात. त्यांना मोठ्या रस्त्यानं नेतात आणि रस्त्याची स्वच्छता पाहून ते खूश होतात.

मागच्या महिन्यात मी सकाळी सकाळी तिकडून जात होतो. वच्छलाबाई मोठ्या रस्त्यावर झाडत होती. तिनं सडा टाकला, हिरवं दार सताड उघडलं, पायरी पुसली. आत मागच्या दारापाशी बाया उभ्या होत्या, गिरणीचा पट्टा फिरत होता.

मी गाडी थांबवली. म्हटलं, "बाई, इकून तर कोनी येत नाही. हे दार रोज कायले उघडता?"

तिनं झाडू भिंतीला टेकवला. "माहं दार हेच हाये, भाऊ," ती म्हणाली. "मांगचं त्याईचं हाये."